नवीन राज्यपाल आले, आता राज्याचं राजकारण बदलणार का? हे स्वतः कसं तपासायचं

राज्यपाल बदलल्याची बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक, 'आता सरकार पडतंय बघा', आणि दुसरा, 'राज्यपाल म्हणजे रबर स्टॅम्प, काय फरक पडतो'. लिहिणारे दोघंही रोज पेपर वाचणारे आहेत आणि दोघांचंही निम्मं बरोबर असतं. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने या एका पदाच्या बाबतीत इतकं काय काय बघितलंय की आता अंदाजाने बोलायची गरज नाहीये, थोडं बसून तपासलं की बऱ्यापैकी कळतं. मी कुठे कुठे बघतो ते सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण अमेरिकेतल्या नातेवाईकांशी बोलताना हा दरवेळी होतो. तिकडचा गव्हर्नर लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो, सरकार तोच चालवतो, त्यामुळे तो बदलला की राज्याची दिशा बदलू शकते यात विशेष काही नाही. आपल्याकडे ते काम मुख्यमंत्र्याचं. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार नेमतं, आणि कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो, पाच वर्षांची मुदत ही त्यानंतरची गोष्ट. नाव एकच, पण पदं दोन वेगळी.

आता पहिलं काम. नवीन राज्यपालांचा बायोडेटा बाजूला ठेवा. ते आधी कुठल्या पक्षात होते, कुठल्या राज्यातले, संघाचे की काँग्रेसचे, यावर टीव्हीवर दोन दिवस चर्चा चालते पण त्याचा उपयोग कमी. त्याऐवजी विधानसभेचे आकडे काढा. आपल्याकडे २८८ आमदार, बहुमताला १४५. सत्तेतल्या लोकांकडे १४५ च्या वर भरपूर माणसं असतील आणि ती एकत्र असतील तर राज्यपाल कोणीही येवोत, कलम १६३ प्रमाणे त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी शमशेर सिंग खटल्यात १९७४ लाच स्पष्ट केलंय. बघा ना, २०२४ च्या निवडणुकीत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ असे २३० निवडून आले. त्यानंतर राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपती झाले, गुजरातच्या राज्यपालांकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला, आणि त्यामुळे राज्याच्या राजकारणात पानही हललं नाही. मुंबई-दिल्लीत एकच युती आणि आकडे भक्कम, मग राजभवनात (आता त्याला लोकभवन म्हणतात) कोण राहतंय याने सरकारच्या दिशेत फरक पडत नाही.

दुसरं, दिल्लीत आणि मुंबईत एकच पक्ष आहे की वेगवेगळे, हे बघा. हे आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे. आणि राज्यपाल बदलण्यामागचं कारणही शोधा, कारण पुष्कळदा दिशा आधी दिल्लीत बदललेली असते आणि राज्यपालाची बदली हा त्याचा परिणाम असतो, आपण उलटं समजतो. २०१४ ला केंद्रात सरकार बदललं, मग के. शंकरनारायणन यांची मुंबईहून मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी तिकडे जाण्याऐवजी राजीनामा दिला. गंमत म्हणून नाही पण लक्षात ठेवा, चारच वर्षं आधी, २०१० मध्ये, बी. पी. सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की केंद्राच्या विचारसरणीशी जुळत नाही एवढ्यावरून राज्यपालाला काढता येत नाही. कागदावर संरक्षण आहे, पण बदली करून माणसाला जायला लावता येतंच. आणि हे एकाच पक्षाचं काम नाही, १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या आणि फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून बरखास्त झालं.

आकडे डळमळीत असतील किंवा केंद्र-राज्य वेगळे असतील तर मात्र पुढचं नीट वाचा, कारण राज्यपालाची खरी ताकद तिथे आहे आणि ती दोनच गोष्टींत आहे, तारीख आणि उशीर. कोणाला कधी बोलावायचं, बहुमत सिद्ध करायला किती दिवस द्यायचे, आणि कुठला कागद टेबलावर किती महिने ठेवायचा. राज्यपालांची भाषणं ऐकू नका, तारखा लिहून ठेवा. मी खरंच एका वहीत लिहितो.

२०१९ च्या तारखा घ्या. २४ ऑक्टोबरला निकाल, भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती तुटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि आठच्या सुमारास फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झालासुद्धा, आपण चहा घेत टीव्ही लावला तर हे दिसलं. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी तेव्हा पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. मग नवीन राज्यपालाने दिशा बदलली का? तीन दिवस बदलली. २६ तारखेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उद्याच बहुमत चाचणी घ्या, उघड मतदान, थेट प्रक्षेपण, आणि त्याच दुपारी फडणवीसांनी राजीनामा दिला, २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ झाली. यातून मी एक गोष्ट शिकलो, राज्यपाल शपथ देऊ शकतात, पण बहुमताला लागणारे आमदार मिळवून देऊ शकत नाहीत. बहुमत राजभवनात नाही तर सभागृहात मोजायचं हे सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून पक्कं आहे आणि चाचणी लवकर झाली तर राज्यपालांच्या निर्णयाला फार वाव राहत नाही. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा, बहुमत चाचणीला किती दिवस दिलेत? दिवस जितके जास्त तितका घोडेबाजार जास्त. २०१७ ला गोव्यात ४० पैकी काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ असताना राज्यपाल मृदुला सिन्हांनी सरकार बनवायला भाजपच्या मनोहर पर्रीकरांना बोलावलं, कोर्टाने चाचणी दोन दिवसांवर आणली, पर्रीकरांनी २२ मतं दाखवली. आधी कोणाला बोलावलं यावर वाद घालता येईल, मला स्वतःला तो निर्णय पटला नव्हता, पण आकडा सभागृहात दिसला.

उशीर ही त्याहून मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी बघत नाही कारण त्याची बातमीच होत नाही, काही न होण्याची बातमी कशी होणार. विधान परिषदेत ७८ पैकी १२ जागा राज्यपाल नियुक्त. त्या जून २०२० ला रिकाम्या झाल्या, नोव्हेंबर २०२० ला ठाकरे मंत्रिमंडळाने १२ नावं पाठवली. 'हो' नाही, 'नाही'ही नाही, नुसती यादी पडून. ऑगस्ट २०२१ ला मुंबई हायकोर्ट म्हणालं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, तरी यादी पडूनच. २०२२ ला सरकार बदललं, नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशी, सात जागा भरल्या गेल्या. चार वर्षं! वरच्या सभागृहातल्या बारा जागा रिकाम्या आणि त्यासाठी एक सहीसुद्धा करावी लागली नाही.

तसंच विधानसभा अध्यक्षपदाचं. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ ला राजीनामा दिला, पुढे सरकारने आवाजी मतदानाने निवड करायचा नियम केला, राज्यपालांनी त्या नियमबदलावर आक्षेप घेतला आणि निवडणुकीची तारीखच मिळाली नाही. आक्षेपात काही तथ्य होतं की नाही यावर कायदेवाले वेगवेगळं बोलतात. पण ३० जून २०२२ ला नवीन सरकार आलं आणि शपथविधीनंतर तीन दिवसांत, ३ जुलैला, राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. आमदार अपात्र करायचा अधिकार अध्यक्षाकडे असतो हे ध्यानात घ्या म्हणजे ते पद सतरा महिने रिकामं राहण्याचा अर्थ कळेल.

आणि मग जून २०२२. शिंदे गट सुरत, गुवाहाटी, राज्यपालांनी ३० तारखेला बहुमत चाचणी लावली, २९ च्या रात्री सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली आणि ठाकरेंनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की चाचणी बोलवायला राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून गेले म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. मला हे वाक्य तेव्हा खूप लागलं, पक्ष कुठलाही असो, म्हणजे निर्णय चुकीचा होता असं दहा महिन्यांनी कळतं आणि तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर आमदार आधी फुटले होते. ते फुटले नसते तर राज्यपालांच्या त्या पत्राने सरकार पडलं नसतं.

बिलांचं थोडक्यात. विधिमंडळाने पास केलेलं बिल कलम २०० प्रमाणे राज्यपालांकडे जातं, ते सही करतात, राष्ट्रपतींकडे पाठवतात किंवा परत पाठवतात. तमिळनाडूत आर. एन. रवि २०२१ ला राज्यपाल झाले आणि दहा बिलं अशी अडकली की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, एप्रिल २०२५ ला दोन न्यायाधीशांनी ती मंजूर झाली असं धरलं आणि मुदती घालून दिल्या, मग नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांनी राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर मत दिलं की कोर्ट अशी ठरावीक मुदत घालू शकत नाही आणि बिल आपोआप मंजूरही होत नाही, मात्र राज्यपालांनी कारण न देता अनंत काळ बसून राहणंही चालणार नाही, कोर्ट तेवढ्यापुरतं 'निर्णय घ्या' म्हणू शकतं. म्हणजे आपल्यासारख्यांना मोजत राहणं आलंच. स्टॅलिन सरकारची दिशा यातून बदलली नाही, कामं मात्र खोळंबली, विशेषतः विद्यापीठांची, कारण कुलपती राज्यपालच असतात. कुलगुरूच्या जागा किती महिने रिकाम्या आहेत हे बघणं हा राज्यपाल आणि सरकारचं कसं चाललंय हे ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. आम्ही विदर्भातले. सगळे सरकार पडणार का एवढंच विचारतात, पण महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे दोन अधिकार असे आहेत की ज्यातून खरंच दिशा बदलू शकते आणि त्याला कोणाचं सरकार पाडावं लागत नाही. एक कलम ३७१(२), विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासाचा निधी न्यायाने वाटणं ही राज्यपालांची विशेष जबाबदारी. दांडेकर समितीने १९८४ ला सिंचन, रस्ते, शाळा यांचा अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागे राहिलाय ते, मोजून दाखवला होता, १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली, आणि पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना २००१ मध्ये निधीवाटपाचे निर्देश निघाले, पुढच्या राज्यपालांनीही असे निर्देश काढले. पाण्याचा पैसा कुठल्या खोऱ्यात जाणार यावर राजभवनातून बोललं गेलं, राज्यपालाने राज्याची दिशा बदलायचा प्रयत्न म्हणतात तो हा. पूर्ण यश आलं असं मी म्हणणार नाही, आमच्याकडचे अर्धवट कालवे मी लहानपणापासून बघतोय. पण मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा त्यावर पहाटेच्या शपथविधीच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही चर्चा झाली नाही.

दुसरा, पाचवी अनुसूची. गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारख्या अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा कसा लागू होईल हे राज्यपाल अधिसूचना काढून बदलू शकतात. ज्या कोश्यारींवर मी वर इतकं लिहिलं त्यांनीच मे २०२० मध्ये वनहक्क कायद्यात असा बदल केला की जिल्हा समितीने दावा फेटाळला तरी विभागीय समितीकडे अपील करता येईल. हेही वहीत लिहायचं, फक्त आवडत नाही तेच लिहिलं तर ती वही काय कामाची.

शेवटी माहिती मिळवायची कशी. अर्ज टाका. राज्यपालांचं कार्यालय माहिती अधिकारात येतं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकारी, राज्यपाल सचिवालय, मलबार हिल असा पत्ता, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे भाषण लिहू नका, 'का केलं' असं विचारू नका, तारखा विचारा. मी असं लिहितो: 'विधिमंडळाने मंजूर केलेली जी विधेयके आज आपल्याकडे प्रलंबित आहेत त्यांची नावे व आपल्याकडे प्राप्त झाल्याच्या तारखा द्याव्यात.' आणि वेगळ्या अर्जात: 'संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये मागील पाच वर्षांत राज्य सरकारला दिलेल्या निर्देशांच्या प्रती द्याव्यात, निर्देश दिले नसल्यास तसे नमूद करावे.' नवीन राज्यपाल आल्यावर सहा महिन्यांनी हेच दोन अर्ज परत टाका आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा.