हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद? या चुका टाळा

गिरगावात दवाखाना टाकून २२ वर्षं झाली. समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला त्याचं पहिलं वाक्य पाठ असतं: "डॉक्टर, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला मी हातच लावत नाही." वर चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा.

ही चूक माझ्या सख्ख्या मामाने केली, त्यामुळे तिच्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

मामा लालबागला चाळीत राहतात. एका गणपतीत मी गेले तर ते मोदक फक्त उजवीकडून खात होते. विचारलं, "मामा, डावीकडे काय झालंय?"

"काही नाही गं. तिथं रक्त यायचं. सहा महिने झाले, ब्रश बंद केलाय. आता एकदम ठीक."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात या. ते आले दिवाळीनंतर, दाढ हलायला लागल्यावर. हिरडी आणि दात यांच्यातली फट आम्ही एका खुणा केलेल्या बारीक सळईने मोजतो. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर भरते. मामांच्या दाढेपाशी सळई ८ मिलिमीटर आत गेली. दोन दाढा काढाव्या लागल्या. आजही ते चाळीत सांगतात, "भाचीने माझ्या चांगल्या दाढा उपटल्या."

रक्त का येतं, ते नीट समजून घ्या. घासल्यावर काही मिनिटांत दातावर लाळेतल्या प्रथिनांची पातळ साय धरते. तिच्यावर आधी स्ट्रेप्टोकोकससारखे बऱ्यापैकी निरुपद्रवी जंतू येऊन चिकटतात. मग फ्युसोबॅक्टेरियम नावाचे लांबट जंतू येतात. ते आधीच्यांनाही धरतात आणि नंतरच्यांनाही, म्हणजे मधले एजंटच म्हणा. थर जाड झाला की तळाशी हवा पोचत नाही आणि ज्यांना हवाच नको असते त्यांची सोय होते. यातले तिघे, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला, पायरिया झालेल्या खोल फटींमध्ये वारंवार एकत्र सापडतात. १९९८ साली सॉक्रान्स्की या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिघांच्या टोळीला लाल गट असं नाव दिलं.

आता मामांची चूक बघा. पॉर्फिरोमोनासला वाढायला रक्तातलं लोह लागतं. हिरडी सुजली की फटीत रक्त आणि द्रव झिरपतो, तोच त्याचा डबा. म्हणजे रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवायचा आणि रोगाला दोन वेळचं जेवण पोचवायचं. बरं, हिरडीच्या सुजेचा हिशोब काही नवा नाही. १९६५ साली लो नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. इतकं सोपं आहे, पण सूज हिरडीपुरती आहे तोवरच. हाड झिजलं की ते घासून परत येत नाही.

मग रक्त येतं तिथे काय करायचं? तिथेच घासायचं, मऊ ब्रशने. केस हिरडीच्या कडेकडे तिरपे, साधारण ४५ अंशांत, आणि जागच्या जागी बारीक थरथर. मी स्वतः रात्री टीव्हीसमोर बसून आधी कोरड्या ब्रशने घासते आणि पेस्ट शेवटी लावते. पेस्टचा फेस झाला की माणसाला वाटतं काम झालं. पुस्तकात ही पद्धत नाही, माझी आहे.

मामांची दुसरी करामत अशी की मधल्या काळात त्यांनी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिक गोळ्या आणून तीन दिवस खाल्ल्या. तोंडाचा वास गेला, मामा खूश. पंधरा दिवसांनी वास परत. चाळीच्या टाकीचं उदाहरण दिलं तेव्हा कुठे त्यांना पटलं. टाकीत नुसतं क्लोरीन ओतून भिंतीवरचा बुळबुळीत थर जातो का? उतरून घासावंच लागतं. दातावरचे जंतूही असेच स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात दडून बसतात, आणि जो डोस मोकळ्या जंतूला मारतो त्याला ते सहज पुरून उरतात. काही रुग्णांना आम्ही गोळ्या देतो, पण आत साफ केल्यावर, सोबत म्हणून. शॉर्टकट म्हणून गोळ्या खाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नका, हे केमिस्ट सांगेलच असं नाही.

माउथवॉशचंही तसंच. क्लोरहेक्सिडीन उत्तम औषध आहे, पण ते शस्त्रक्रियेनंतर किंवा ब्रश लावता येत नसेल तेव्हा, आठवडा-दोन आठवड्यांपुरतं. महिनोन्‌महिने गुळण्या केल्या तर दात तपकिरी होतात आणि वरणाची चवही कळेनाशी होते. पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो.

"क्लीनिंगने दात सैल होतात." नाही हो. किटणाने, म्हणजे दातावर साचून कडक झालेल्या थराने, हाड आधीच खाल्लेलं असतं, दात किटणाच्या टेकूवर उभा असतो. टेकू काढल्यावर खरी परिस्थिती दिसते, इतकंच.

मिश्री लावल्याने हिरड्या घट्ट होतात, हे आजीकडून ऐकलं असेल. तो भाजलेला तंबाखू आहे, सोडा. सिगारेटवाल्यांनी तर "मला रक्त येत नाही" म्हणून निर्धास्त राहूच नये. तंबाखूमुळे रक्त येण्याची खूण झाकली जाते, आत रोग चालूच असतो.

मधुमेह असेल तर साखर आणि हिरड्या दोन्ही एकमेकांना बिघडवतात. डेंटिस्टला साखरेचा रिपोर्ट दाखवा, लपवू नका.

आता उतावळ्यांबद्दल. रील बघून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घेतात, दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं की फेकतात. आठवडाभर दम धरा, जिथे सूज आहे तिथे सुरुवातीला रक्त येणारच. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर दाखवायला या. दातांमध्ये फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा बारीक इंटरडेंटल ब्रश बरा, पण आकार डेंटिस्टकडून ठरवून घ्या, जबरदस्तीने घुसवू नका.

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा, रांग असते. मामा आता दर चार महिन्यांनी येतात. माझ्याकडे नाही, नायरला. भाचीवर विश्वास नाही म्हणतात.