लाँचला मागचा एक्सल टिकवायचा तर: काय बदलायचं, कुठल्या क्रमानं

माझं शेड भोसरी एमआयडीसीत. पोटापाण्याचं काम म्हणजे ट्रक-टेम्पोचे क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातांच्या गिअरची जोडी) आणि जुन्या जीपची हाऊसिंगं (एक्सलचं बाहेरचं कवच). पण पुण्यात जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणारी हौशी मंडळी आहेत, आणि त्यातल्या ज्यांना ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर लाँच मारून, म्हणजे जागेवरून एकदम जोरात सुटून, पाव मैल पळवायची खुमखुमी असते ती कधी ना कधी माझ्याकडे येतात. येताना मोबाइलमध्ये यादी तयार असते: 35 स्प्लाइनचे (टोकाला 35 दात कापलेले) शाफ्ट, स्पूल (दोन्ही शाफ्ट कायमचे एकत्र जखडणारा तुकडा), नवा गिअर सेट. मी विचारतो, "टायर कुठले लावणार?" त्याचं उत्तर सहसा कुणाकडे नसतं.

सुरुवात टायरपासूनच करायची. 1969 ची मस्टँग घ्या, 302 घनइंचांचं, थोडं काम केलेलं इंजिन. टॉर्क 400 न्यूटन-मीटर धरू. चार गिअरच्या टॉपलोडर गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.78, मागचा रेशो 3.50. तिन्हींचा गुणाकार केला की मागच्या एक्सलकडे जवळजवळ 3,900 न्यूटन-मीटर निघाले. आता साधा टायर किती पेलतो ते बघा. सुटताना वजन मागं झुकतं. मागच्या चाकांवर 850 किलो, पकड 0.9 आणि चाकाची त्रिज्या 33 सेंटिमीटर धरली तर 2,500 च्या आसपास टायर घसरतो. म्हणजे धूर निघेल, शेजारचे टाळ्या वाजवतील, पण शाफ्टला काही होणार नाही. टायर हा एक्सलचा फ्यूज आहे. त्याच गाडीला ड्रॅग स्लिक (शर्यतीचे मऊ, बिननक्षीचे टायर) चढवा. पकड 1.5 झाली, मागचं वजन हजार किलोच्या घरात गेलं, की टायर 4,800 पर्यंत धरून ठेवतो. मग इंजिनचा सगळा जोर आत उतरतो, आणि क्लच एकदम सोडलात तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला झटका वर. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सुटताना टॉर्क दुपटीच्या आसपास नेतो, पण झटका नरम देतो. म्हणून तेवढ्याच ताकदीच्या दोन गाड्यांत हातानं गिअर टाकायची गाडी आधी मोडते.

तेव्हा रस्त्याचेच टायर ठेवणार असाल तर यादीतलं निम्मं सामान मागवू नका. कस्टम्सचे पैसे वाचतील.

आधीचा शाफ्ट तुटला असेल तर तुकडे टाकून देऊ नका, घेऊन या. तुटलेली बाजू बरंच सांगते. स्प्लाइन पीळ पडून वाकड्या झाल्या असतील तर भार सरळसरळ जास्त झाला, शाफ्ट बारीक पडला. तोंड सपाट असेल आणि त्यावर एका कडेपासून पसरत गेलेल्या अर्धगोल रेषा दिसत असतील तर तो एका लाँचला तुटलेला नाही. कडेला कुठंतरी ओरखडा होता, तिथून तडा महिनोन्महिने आत सरकत होता. अशा शाफ्टच्या जागी जाडजूड शाफ्ट घालून उपयोग नाही. ओरखडा कशानं पडला ते आधी शोधा. बऱ्याचदा बेअरिंगचं रिटेनर छिन्नीनं काढताना कुणीतरी शाफ्टवर घाव घातलेला असतो.

मग आपल्याकडे एक्सल कुठला आहे ते ओळखायचं. त्या काळच्या 302 मस्टँगला फोर्डचा 8 इंची यायचा, मोठ्या इंजिनांना 9 इंची. दोन्हीत मधला गोळा (क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियलचा संच) पुढून काढता येतो, म्हणून दिसायला भावंडंच. ओळखायची सोपी खूण: गोळ्याचे सगळे नट सरळ सॉकेटनं सुटले तर 8 इंची, खालच्या दोन नटांवर सॉकेट बसलाच नाही, साधा पाना घालावा लागला, तर 9 इंची. शेवरोलेचा 12 बोल्ट आणि फोर्डचा 8.8 यांना मागं झाकण असतं, आणि त्यांचे शाफ्ट आतल्या बाजूला सी-क्लिपनं अडकवलेले असतात. हे नीट लक्षात ठेवा: तिथं शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर येतो. 9 इंचीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि रिटेनर प्लेटनं धरलेला असतो, तुटला तरी चाक जागेवर राहतं. सी-क्लिपवाल्या गाडीला स्लिक लावायचे असतील तर बाकी काही करा न करा, टोकं बदलून शाफ्ट बाहेरून धरायची सोय आधी करा.

आता पाटे. पाट्यांच्या गाडीत जोर आला की एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो, पिनियनचं तोंड वर उचललं जातं, पाटे इंग्रजी एससारखे वळतात. मग ते सुटतात, टायर उडतो, पुन्हा धरतो, पुन्हा उडतो. गाडीच्या मागं धडधड ऐकू येते ती हीच. या उड्यांनी जेवढे शाफ्ट आणि पिनियनचे दात मोडलेत तेवढे निव्वळ ताकदीनं मोडलेले मी पाहिलेले नाहीत. ट्रॅक्शन बार किंवा कॅलट्रॅक पद्धतीचे लिंक (एक्सलला फिरू न देणाऱ्या दांड्या) लावा, पाट्यांचे रबर बुश बदला, यू-बोल्ट कसून घ्या. पिनियनचं तोंड प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा 2 ते 4 अंश खाली ठेवा, म्हणजे जोरात ते वर उचललं की सरळ रेषेत येतं. कोन मोजायला पंधरवडाभर कुणाची वाट बघायची गरज नाही, डिजिटल लेव्हल मिळते. हे सगळं ब्रॅकेटचं काम आपल्याकडे भोसरी-चिंचवडमध्ये उत्तम होतं, त्यासाठी परदेशातून काही मागवायचं कारण नाही.

शाफ्टचं गणित सोपं आहे: भरीव शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनात वाढते. 28 स्प्लाइनचा शाफ्ट साधारण 1.19 इंच, 31 चा 1.31, 35 चा दीड इंच. दिसायला एवढुसा फरक, पण 28 वरून 31 वर गेलात की एकतृतीयांश ताकद वाढते, 31 वरून 35 वर अजून दीडपट. 35 ला सहसा हाऊसिंगची टोकंही बदलावी लागतात, कारण बेअरिंग मोठं लागतं. वर धरलेल्या गाडीला चांगल्या पोलादाचे 31 पुरतात. 35 तेव्हा, जेव्हा स्पूल आणि स्लिक दोन्ही आहेत.

"इथंच बनवून द्या ना, ईएन-24 चा बार आणतो," असं हमखास कुणीतरी म्हणतं. ईएन-24 वाईट नाही, अमेरिकन 4340 चा तो जवळचा नातेवाईक. पण फ्लँजसकट शाफ्ट गोल बारातून खरादला की धातूचे तंतू फ्लँजच्या मुळाशी कापले जातात, आणि जोर नेमका तिथंच येतो. फोर्ज केलेल्या शाफ्टमध्ये तंतू फ्लँजकडे वळत जातात. पुण्यात फोर्जिंगची कमी नाही, मुंढव्यात भारत फोर्ज उभी आहे. पण तुमच्या दोन नगांसाठी कुणी डाय बनवणार नाही. शाफ्ट तयार मागवा. पेटीतून आल्यावर त्यावर पांढऱ्या पेंट मार्करनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी शाफ्ट काढलात आणि रेघ फिरलेली दिसली, तर तो शाफ्ट संपला.

डिफरन्शियल निवडताना लोक एक गोष्ट विसरतात. साधा उघडा डिफ दोन्ही शाफ्टना जोर सारखा वाटतो. स्पूल किंवा लॉकर (सरळ जाताना दोन्ही शाफ्ट जखडून ठेवणारा डिफ) घातला आणि एका चाकाखाली खडी आली की दुसऱ्या शाफ्टवर जवळजवळ सगळाच जोर जातो. म्हणजे डिफ मजबूत केलात आणि शाफ्ट जुने ठेवलेत तर मोडायची वेळ जवळ आणलीत. दोन्ही एकदमच करायचं. वीकेंडला लोणावळ्याला जाणारी गाडी असेल तर ट्रूट्रॅकसारखा हेलिकल गिअरचा डिफ घाला. त्यात प्लेटा नसतात, झिजायला काही नाही. ट्रॅक्शन-लॉक पद्धतीच्या प्लेटावाल्याला तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतोच. डेट्रॉइट लॉकर दणकट, पण वळणावर कटकट आवाज करतो. स्पूल फक्त धावपट्टीसाठी. डेक्कनच्या गल्लीत स्पूलवाली गाडी वळवून बघा, आतला टायर फरपटत किंचाळतो. आणि स्पायडर गिअर वेल्ड करून "स्वस्तातला स्पूल" करणाऱ्यांना माझ्या शेडचं दार बंद आहे. वेल्डचा तुकडा सुटला की क्राउनच्या दातात जातो.

हाऊसिंगचं थोडक्यात. 12 बोल्ट आणि 8.8 ला मधला भाग बिडाचा, त्यात नळ्या दाबून प्लग वेल्ड केलेल्या असतात. जोरात नळी आतल्या आत फिरते. ती चारी बाजूंनी वेल्ड करायची, पण बीड 200-250 अंशांपर्यंत तापवून, निकेलच्या रॉडनं, छोटे छोटे टाके मारत, आणि नंतर सावकाश थंड होऊ देत. पंख्याखाली नाही. 9 इंचीचं हाऊसिंग पत्र्याचं, ते वेल्डला सोपं. मागं ब्रेस मारली की वाकत नाही. दोन्हीकडे वेल्ड करताना आत जाडजूड सरळ बार घालून ठेवावा लागतो, नाहीतर टोकं एका रेषेत राहत नाहीत आणि नवी बेअरिंगं आठवड्यात ओरडायला लागतात. बार आणि त्याच्या चकत्या कुठलाही चांगला टर्नर करून देईल. हाऊसिंग उघडंच आहे तर तळाला चुंबकवाला ड्रेन प्लग बसवून घ्या. बऱ्याच 9 इंचीत तो नसतोच.

आता खरं काम, ज्यासाठी कुणी पैसे द्यायला तयार नसतं: क्राउन-पिनियन लावणं. महागातला गिअर सेट वाईट लावला तर साध्याच्या आधी मोडतो.

पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली चेपणारी नळी काढून टाका, तिथं सॉलिड स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) घाला. लाँचच्या झटक्यानं चेपणारी नळी आणखी चेपते, प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) जातो, पिनियन हलायला लागतो. प्रीलोड तुमच्या मॅन्युअलप्रमाणे. तो मोजायला इंच-पाउंडाचा पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढा: 20 इंच-पाउंड हवे असतील आणि दोरी मध्यापासून 2 इंचांवर असेल तर काटा 10 पाउंड, म्हणजे साडेचार किलो दाखवायला हवा. फिरत असतानाचा आकडा घ्यायचा, सुटतानाचा नाही. 9 इंचीत पुढच्या बेअरिंगचा डेटोना सपोर्ट मिळाला तर घ्या, बेअरिंग मोठं असतं.

मग प्ले, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक. डायल गेज क्राउनच्या दाताला काटकोनात लावून, बहुतेक अशा एक्सलना 8 ते 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.20 ते 0.30 मिलिमीटर. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, चार ठिकाणी बघा. फरक जास्त आला तर क्राउनखाली कचरा आहे किंवा बोल्ट नीट कसलेले नाहीत.

शेवटी दातांवरचा ठसा. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते पिवळी पेस्ट जुन्या टूथब्रशनं तीन-चार दातांवर पातळ लावतात, दुसऱ्या हातानं क्राउन फडक्यानं अडवून धरतात आणि पिनियन पुढं-मागं फिरवतात. अडवून धरणं महत्त्वाचं. मोकळा फिरवलात तर ठसा खोटा येतो. मग ट्यूबलाइटखाली नेऊन बघतात, बोलत काही नाहीत. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा, लांबीत मध्यावर किंवा किंचित आतल्या टोकाकडे. तो दाताच्या मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन क्राउनच्या फार जवळ आहे. माथ्यावर असेल तर फार लांब. 8.8 आणि 12 बोल्टमध्ये शिम पिनियनच्या डोक्याखाली असते, जाड केली की पिनियन जवळ येतो. 9 इंचीत उलटं: शिम सपोर्ट आणि गोळ्याच्या मध्ये असते, जाड केली की पिनियन लांब जातो. एका गाडीवरून दुसरीवर जाणारे चांगले चांगले मिस्त्री इथं गोंधळतात. प्रत्येक बदलानंतर प्ले पुन्हा मोजायचा, पुन्हा पेस्ट, पुन्हा ठसा. "काका, चालतंय की," असं कुणी म्हणालं तर काका गोळा त्याच्या हातात देतात आणि चहाला जातात.

झाकणवाल्या एक्सलला बेअरिंग कॅप्सना टेकणारे बोल्ट असलेलं जाड झाकण लावा. जोरात क्राउन बाजूला ढकलला जातो, कॅप्स वाकतात, आणि इतक्या मेहनतीनं बसवलेला ठसा सरकतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) 1310 मापाचे असतील तर 1350 करा, आणि शाफ्टच्या पुढच्या भागाभोवती लोखंडी लूप लावा. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतण्याऐवजी लूपमध्ये अडकतो.

सगळं जोडून झालं की त्याच संध्याकाळी लाँच मारायला निघू नका. जीएल-5 दर्जाचं 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140 तेल भरा, हलक्या पायानं वीसेक मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले 800 किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नाही, ओढून काही न्यायचं नाही. दात एकमेकांवर घासून बसतात ते याच काळात, आणि तेव्हा तापमान चढलं तर पोलादाचा वरचा कडकपणाच उतरतो. आणि नंतरही, लाँच धावपट्टीवरच. रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 189, आणि तसंही सिंहगड रोडला सलग पाव मैल मोकळा मिळतो कुठं?

800 किलोमीटरनंतर तेल बदला आणि ड्रेन प्लगचं चुंबक बोटानं पुसून बघा. करडी, मऊ पेस्ट आली तर ठीक, नव्या दातांची ती येतेच. बोटाला टोचणारी चकती किंवा कण आला तर गाडी तिथंच उभी करा, गोळा खाली काढा आणि पेस्ट लावून ठसा पुन्हा बघा.