स्तोत्र 88 घरच्या प्रार्थनेत कसं वाचावं

कापूस हातचा गेला की जालन्यातल्या आमच्या घरच्या प्रार्थनेला मी बायबलमधलं स्तोत्र 88 काढते.

आधी अठराही वचनं मोठ्यानं वाचा. शेवट अंधारातच होतो. लगेच आशेचं दुसरं वचन जोडू नका, थोडं गप्प बसा. एकदा शेजारच्या विधवा काकूला मी घाईनं धीर दिला. ती उठून गेली. ते अजून सलतं.

मग विचारा, हे बोलतंय कोण? मथळ्यात हेमान एज्राही या जुन्या स्तोत्रकाराचं नाव आहे. जुन्या काळचे धर्मगुरू संत ऑगस्टीन यांनी मात्र यात दुःख सोसणाऱ्या ख्रिस्ताचा आवाज ऐकला. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, 1662 च्या प्रार्थनापुस्तकात ते उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संध्याकाळी येतं, त्यामागंही क्रूसच. कॅथलिक दैनिक प्रार्थनेत दर शुक्रवारी झोपण्याआधी हेच म्हणतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेत म्हणतात त्या सहा स्तोत्रांतही ते आहे. ग्रीक बायबलात स्तोत्रांची मोजणी वेगळी, म्हणून तिथं क्रमांक 87, तेव्हा गोंधळू नका.

धर्मसुधारक कॅल्विननं स्तोत्रसंहितेला, म्हणजे स्तोत्रांच्या अख्ख्या पुस्तकाला, आत्म्याच्या सगळ्या अवयवांची शरीररचना म्हटलं. मला हे सगळ्यात जवळचं वाटतं. कर्ज, आटलेली विहीर, देवावरचा रागसुद्धा, काहीच लपवायचं नाही. आणि बघा, तक्रार करणारा पहिल्याच वचनात त्याला तारणारा देव म्हणतो!

शेवटी प्रत्येकानं आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत मांडावं: “देवा, लेकरांच्या तोंडचा घास का नेलास?” कुणी रडलं तर मधे बोलू नका. हात धरा.