नाव तेच, गाणं भलतंच: कार्यक्रमाची यादी करताना या चुका टाळा

"ताई, यादी पाठवलीय, बघून घ्या." असा निरोप आला की मी आधी वहीचं कोरं पान उघडते. यादी म्हणजे बहुतेक वेळा एक फोटो असतो. त्यात अठरा गाणी आणि प्रत्येक गाण्याला जेमतेम दोन शब्द. मेरे मेहबूब. सर्वात्मका. घेई छंद. रिमझिम. 'अंदाज'मधलं ते. खाली तारीख लिहिलेली, आणि ती आठ दिवसांवर आलेली.

गेली बावीस वर्षं मी नाशिकमधल्या हौशी गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी निवेदनं लिहिते, कार्यक्रमपत्रिका तपासते आणि ट्रॅकची यादी सांभाळते. गंगापूर रोडपासून इंदिरानगर, सातपूरपर्यंत आता कराओकेचे, म्हणजे तयार वाद्यसंगीताच्या ट्रॅकवर गाणाऱ्यांचे, कितीतरी गट झालेत. दिवसभर नोकरी करून माणसं रात्री नऊला सरावाला येतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच त्या चुका दर महिन्याला पुन्हा होतात, आणि त्या गळ्याच्या नसतात. एका नावाची दोन गाणी असतात, एका नावाचे तीन चित्रपट असतात, हे यादी करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिले दोन शब्द म्हणजे गाण्याचं नाव नव्हे

'मेरे मेहबूब' लिहून पाठवलं की मला काय समजायचं? 'मेरे मेहबूब तुझे मेरी मोहब्बत की कसम' हे रफींचं, १९६३च्या 'मेरे मेहबूब'मधलं, शकील बदायुनींचे शब्द आणि नौशादांची चाल. 'मेरे महबूब कयामत होगी' हे किशोरकुमारांचं, १९६४च्या 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'मधलं, आनंद बक्षींचे शब्द आणि लक्ष्मीकांत प्यारेलालांची चाल. दोन्ही दर्दभरी, दोन्ही कराओकेवाल्यांची लाडकी. एकाच कार्यक्रमात दोघांनी दोन्ही घेतली की पेनड्राइव्हवर 'मेरे मेहबूब' आणि 'मेरे मेहबूब (१)' अशा दोन फाइली तयार होतात. कंसातला तो एक म्हणजे रफी की किशोर, हे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या मुलाने कसं ओळखायचं? तो बिचारा अंदाजाने एक लावतो, आणि गायक माइक धरून परक्या गाण्याचं म्युझिक ऐकत उभा राहतो.

माझी सवय साधी आहे. गाणं सांगणाऱ्याला मी विचारते, "दुसरी ओळ म्हण." पहिली ओळ सगळ्यांना येते, दुसरी त्यालाच येते ज्याला ते गाणं म्हणायचंय. वहीत मी पहिली ओळ पूर्ण लिहिते, तिच्याखाली दुसरी, मग कवी, संगीतकार, मूळ गायक, चित्रपट किंवा नाटक, साल, पट्टी आणि ट्रॅकची लांबी मिनिटं-सेकंदांत. पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नावही तसंच: आधी क्रमांक, मग गाण्याचे चार-पाच शब्द, शेवटी आपल्या गायकाचं नाव. एका गाण्याला चार मिनिटं जातात. अठरा गाण्यांना सव्वा तास. "एवढं कशाला, सगळ्यांना माहितीये ना" म्हणणारे दर वेळी नवे असतात, आणि मंचावर फजिती झालेलेही बहुधा तेच असतात.

सर्वात्मका, पण कोणतं?

ही चूक नाशिकमध्ये व्हावी याचं मला जास्त वाईट वाटतं. 'सर्वात्मका शिवसुंदरा' ही प्रार्थना कुसुमाग्रजांची. 'सर्वात्मका सर्वेश्वरा' हे पदही त्यांचंच, १९६६च्या 'ययाति आणि देवयानी' या नाटकातलं, संगीतकार जितेंद्र अभिषेकींच्या चालीतलं. कवी एकच, पहिला शब्द एकच, पण एक समूहाने म्हणायची शाळेतली प्रार्थना आणि दुसरं नाट्यपद. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमासाठी यादीत नुसतं 'सर्वात्मका' लिहिलं होतं. मुलांनी महिनाभर शिवसुंदराचा सराव केलेला, आणि पत्रिकेत छापून आलं 'सर्वात्मका, नाटक ययाति आणि देवयानी'. मुलं गोड गायली, पण निवेदिकेने पत्रिकेवर विश्वास ठेवून नाटकाची माहिती सांगितली. पहिल्या रांगेतले दोन निवृत्त शिक्षक एकमेकांकडे बघत राहिले.

त्याच निवेदनात पुढे एक वाक्य होतं: "कुसुमाग्रजांच्या ययाति या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं." 'ययाति' ही कादंबरी वि. स. खांडेकरांची, १९५९ची, आणि खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. कुसुमाग्रजांना १९८७चं. गिरीश कर्नाडांचं पहिलं नाटकही 'ययाति'च, ते कन्नडमधलं. महाभारतातली कथा सगळ्यांची आहे, तेव्हा ते नाव कुणीही घेणारच. पण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, ते जिथे राहिले, लिहिलं आणि जिथे त्यांनी शेवटचा श्वास घेतला त्या गावात, त्यांच्या नावावर दुसऱ्याची कादंबरी चढवायची? मला त्या रात्री झोप लागली नाही. फोनवर दोन मिनिटं शोधून पहिलं दिसेल ते उतरवलं की असंच होतं.

शोधताना आणखी एक ध्यानात ठेवा. त्यांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने. वाचनालयाच्या यादीत 'नटसम्राट' एका नावाखाली सापडलं नाही तर दुसऱ्या नावाखाली बघा, "नाही" म्हणून परत येऊ नका. आणि 'नटसम्राट' म्हणताना १९७०चं नाटक की २०१६चा चित्रपट हेही लिहा.

जिथे दुसरी ओळही उपयोगाची नाही

आता माझी सगळ्यात दुखरी गोष्ट. 'घेई छंद मकरंद'. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात हे पद दोन चालींत आहे. एक धानी रागातली, वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेली, उसळती, तानांनी भरलेली. दुसरी सालगवराळीतली, संथ, अभिषेकींच्या स्वतःच्या आवाजात अनेकांच्या कानात बसलेली. शब्द अगदी तेच. नाटकात दोन घराणी समोरासमोर उभी आहेत, आणि एकच पद दोन गळ्यांतून दोन स्वभाव घेऊन येतं, हीच तर अभिषेकींची कमाल. इथे "दुसरी ओळ म्हण" या माझ्या सवयीचा काही उपयोग नाही, कारण दुसरी ओळही तीच.

पाच-सहा वर्षांपूर्वी नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम होता, साथीला हार्मोनियम आणि तबला. गाणारी मुलगी विशीतली, गुरूंकडून सालगवराळीतलं पद दोन वर्षं घासून घेतलेली. यादी दुसऱ्याच कुणीतरी केली होती, त्यात फक्त 'घेई छंद, कट्यार'. साथीदार शेजारच्या गावाहून येणार होते, म्हणून आयोजकांनी त्यांना सरावासाठी एक दुवा पाठवला. तो वसंतरावांच्या ध्वनिमुद्रणाचा होता. तालीम कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ठरलेली, ती गाडी उशिरा आल्यामुळे झालीच नाही. पट्टी तेवढी विचारली, तबला लागला, पडदा उघडला.

हार्मोनियमवाल्या काकांनी धानीचे सूर धरले. मुलीने डोळे मिटले होते, ते उघडले. तिने आलाप सुरू केला तो सालगवराळीचा. कोमल रिषभ, म्हणजे कोमल रे, लागला आणि पेटीवर शुद्धही नाही नि कोमलही नाही अशी क्षणभर शांतता झाली. धानीत रिषभ नसतोच. काकांचा हात जुना, त्यांनी पेटीचा आवाज उतरवला, फक्त षड्ज धरून ठेवला आणि तिच्या मागे चाचपडत गेले. तबलेवाल्याने लय धरली होती ती दुप्पट वेगाची, ती त्याला मोडावी लागली. पद संपलं, टाळ्याही पडल्या. पण पडद्यामागे आल्यावर ती मुलगी म्हणाली, "ताई, माझंच चुकलं का हो?" तिचं काडीचंही चुकलं नव्हतं. दोन वर्षांची मेहनत यादीतल्या दोन शब्दांनी मातीत घातली, आणि यादी करणारा प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होता.

तेव्हापासून नाट्यपद, अभंग, भजन यांच्यापुढे मी राग आणि ताल लिहून घेते, आणि ज्या ध्वनिमुद्रणावरून बसवलंय त्याच्या गायकाचं नाव. साथीदारांना दुवा गायकाने स्वतःच्या हाताने पाठवायचा, आयोजकाने नाही. संतांच्या अभंगांना तर हे हवंच, कारण एकेका अभंगाला वेगवेगळ्या संगीतकारांनी चाली लावल्यात. 'कट्यार'च्या बाबतीत २०१५चा चित्रपटही आहे. त्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत आणि नाटकातली जुनी पदंही. 'सूर निरागस हो' नाटकातलं म्हणून सांगू नका आणि 'तेजोनिधी लोहगोल' चित्रपटासाठी रचलं म्हणून सांगू नका. अभिषेकींचं श्रेय अभिषेकींना मिळालंच पाहिजे.

चित्रफीत लावताना

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, १८७०चा जन्म. पहिल्या चित्रपटानंतर ते नाशिकला येऊन चित्रपट काढू लागले, १९४४ साली गेलेही इथेच. त्यामुळे आपल्याकडे कुठल्याही सांस्कृतिक कार्यक्रमात 'राजा हरिश्चंद्र'ची दोन मिनिटं दाखवायची पद्धत आहे. एका तरुण गटाने अशीच चित्रफीत बनवली आणि मला तपासायला दिली. पडद्यावर तारामती बोलत होती. स्पष्ट मराठीत, आवाजासकट. १९१३चा चित्रपट मूकपट आहे आणि त्यात तारामती झाले होते साळुंके, पुरुष नट. गटाने उतरवून घेतलेली होती ती १९३२च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मधली दुर्गा खोटे. कथा हरिश्चंद्राचीच, म्हणून कुणीतरी चित्रफितीला ते नाव देऊन ठेवलं होतं, आणि या मुलांनी ते डोळे मिटून घेतलं.

बरं, मूकपट मिळाला म्हणजेही काम संपलं असं नाही. १९१७ साली फाळक्यांनीच हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा केली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली 'राजा हरिश्चंद्र'ची रिळं या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणून मी निवेदनात "हीच ती १९१३ची दृश्यं" असं कधीच लिहीत नाही. "फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रची उपलब्ध दृश्यं" एवढंच लिहिते. त्याने काही बिघडत नाही आणि खोटंही बोललं जात नाही.

थोडक्यात आटपण्यासारख्या गोष्टी

'अंदाज'मधलं गाणं म्हणताना साल सांगा: १९४९चा नौशादांचा, १९७१चा शंकर जयकिशनांचा, २००३चा नदीम श्रवणचा.

'उमराव जान' १९८१ची खय्यामांची, २००६ची अनू मलिकांची. गझल म्हणायची असेल तर बहुधा पहिलीच हवी असते, पण ट्रॅक शोधताना दुसरीही पुढे येते.

'रिमझिम गिरे सावन' किशोरकुमारांचंही आहे आणि लताबाईंचंही, दोन्ही १९७९च्या 'मंझिल'मधली. अंतरे वेगळे आहेत. पुरुषाने बाईचा ट्रॅक घेऊन पट्टी खाली ओढली की शब्दही चुकतात आणि वाद्यं घोगरी ऐकू येतात. आपल्या आवाजाचा ट्रॅक शोधा.

फोनला तोंडी "मोगरा फुलला लाव" असं सांगून तालीम करू नका. ज्ञानेश्वरांची रचना हवी असते आणि २०१९च्या त्याच नावाच्या चित्रपटाचं काहीतरी सुरू होतं.

'स्वामी' म्हणजे रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची कादंबरी. १९७७चा हिंदी 'स्वामी' शरच्चंद्रांच्या कथेवरचा. दोघांचा काही संबंध नाही.

आपल्याच कार्यक्रमाला नाव देताना

"नावावर कॉपीराइट नसतो, घ्या कुठलंही," असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अर्धं बरोबर आहे. 'देसी बॉइज' या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइटचं संरक्षण नाही. पण नाव ट्रेडमार्क असू शकतं. 'शोले' नावाच्या वापरावरून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पंचवीस लाख रुपये भरायला लावले. आपल्या हौशी गटाला कुणी कोर्टात खेचणार नाही असं गृहीत धरण्यापेक्षा मी साधी गोष्ट करते. ठरवलेलं नाव महिनाभर आधी शहरातल्या तीन-चार गटांना विचारते. एकाच शनिवारी एकाच नावाचे दोन कार्यक्रम लागले आणि लोक चुकीच्या सभागृहात जाऊन बसले, हे मी पाहिलंय. एक आजी नातवाचं गाणं ऐकायला आलेल्या, दीड तास दुसऱ्याच कार्यक्रमात थांबल्या आणि कुणाला विचारावं हे त्यांना कळेना.

शेवटचं काम कार्यक्रमाच्या सकाळी. पेनड्राइव्ह घेऊन सभागृहात जायचं आणि प्रत्येक ट्रॅकचे पहिले दहा सेकंद त्याच मशीनवर, यादीच्या क्रमाने, गायकासमोर वाजवायचे. गायक येऊ शकत नसेल तर फोन लावून त्याला ऐकवायचे. त्याने "हो, हेच" म्हटलं की वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची. घेई छंदवाली ती मुलगी आता स्वतः शिकवते. मागच्या आठवड्यात तिची यादी आली, प्रत्येक पदापुढे राग, ताल, मूळ गायक, आणि तळाशी लिहिलेलं: "ताई, शनिवारी सकाळी दहाला येते ऐकायला."