नाशकात नवीन आहात? नाकाबंदीत दारू न पिता अडकलात तर काय करायचं

मी मूळचा बुलढाण्याकडचा, नाशकात येऊन बरीच वर्षं झाली, अंबडला कंपनीत आहे. दरवर्षी विदर्भ-मराठवाड्यातून नवीन पोरं जॉईन होतात, रूम कुठे, मेस कुठे सगळं विचारतात पण हे कोणीच विचारत नाही म्हणून आपणहून सांगतोय. सेकंड शिफ्ट सुटून रात्री घरी जाताना मुंबई नाका, द्वारका, गंगापूर रोड कुठेही नाकाबंदी लागते, थर्टी फर्स्टला आणि गटारीला तर लागतेच, आणि बाहेरच्या पासिंगची गाडी असली की थांबवतातच.

एक आधीच सांगतो, घेतली असेल तर रिक्षा करा, खाली लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही. हे न पिता अडकलेल्यांसाठी आहे.

दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला नाही म्हणू नका. नकार दिला आणि पोलिसांना संशय असला तर तेवढ्यावर अटक होऊ शकते आणि कोर्टात तो नकार तुमच्याच विरोधात जातो. नळी नवीन लावायला सांगा, आकडा स्वतः बघा. लिमिट आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. खोकल्याचं औषध किंवा माऊथवॉश नुकतंच घेतलं असेल तर तोंडातल्या अल्कोहोलनेसुद्धा मशीन वाजतं, ते तिथल्या तिथे सांगा, चूळ भरा आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकू द्या म्हणा. अटक झालीच तर पोलीस स्टेशनमध्ये पुन्हा फुंकायची संधी देणं कायद्यातच आहे, मोटार वाहन कायदा कलम २०३.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये म्हणजे कलम १८५ खाली अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून मेडिकल झालं पाहिजे, नाही झालं तर कोठडीतून सोडावं लागतं, कलम २०२. म्हणून अटकेची वेळ किती वाजताची लिहिली ते बघा. आमच्या रूमवरच्या एका पोराचं असंच झालं होतं, कफ सिरप घेऊन निघाला आणि मशीन वाजलं. त्याने आवाज चढवला नाही, फक्त एवढंच धरून बसला की साहेब माझं मेडिकल करा, रक्त घ्या. शेवटी रक्त घेतलं, रिपोर्ट क्लीन आला. कंपनीच्या गेटवरचा आऊट पंचसुद्धा त्याच्या कामाला आला, कारण त्यावरून शिफ्ट सुटून किती वेळ झाला ते दिसत होतं. मेडिकलची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि दोन तासांत मेडिकल झालं नाही म्हणून सोडलं म्हणजे केस संपली असं समजू नका, ती चालू राहू शकते.

अटक का केली ते सांगणं, अटकेचा मेमो म्हणजे लेखी नोंद करून त्यावर तुमची आणि साक्षीदाराची सही घेणं, घरच्याला किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांना बंधनकारक आहे. गाव लांब असलं तर इथल्या रूममेटचा किंवा सुपरवायझरचा नंबर द्या, बुलढाण्याहून कोणी रात्रीत येणार नाही. कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका. मुलींनी लक्षात ठेवा, सूर्यास्तानंतर महिलेला अटक फक्त अपवादात्मक परिस्थितीत आणि मॅजिस्ट्रेटच्या आधी घेतलेल्या परवानगीने होते, आणि रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असला तर सोबत बाई हवीच.

गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मागा, मिळतो. २४ तासांच्या वर मॅजिस्ट्रेटसमोर नेल्याशिवाय ठेवता येत नाही. गाडी चालवायला न पिलेला आणि लायसन्स असलेला मित्र असेल तर त्याच्या ताब्यात द्या म्हणून विनंती करा. लायसन्स घेतलं तर पोच घ्या.

रस्त्यावरच पैसे देऊन मिटव म्हणणारा कोणी भेटला तर ऐकू नका, १८५ चं तडजोड चलान म्हणजे जागेवरच दंड भरून मिटवणं होत नाही, ते कोर्टातच जातं. पहिल्या वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कोर्टात गेल्यावर खूप जण सुट्टी वाया जाते म्हणून गुन्हा कबूल करून मोकळे होतात, मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण एकदा कबूल केलं की शिक्षा नावावर लागते आणि लायसन्सवर पण गदा येते. न पिता कबूल कशाला करायचं? वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, टोल फ्री नंबर १५१००. महिलांना, एससी-एसटीला, कोठडीत असलेल्याला आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्याला तिथे वकील फुकट मिळतो. जाताना मेमो, मेडिकलची कॉपी आणि मशीनच्या स्लिपचा फोटो सोबत न्या.