टोरंट क्लायंटचा अपलोड वेग आणि रेशो तपासताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरील माझ्या घरी मी एका रात्री क्यूबिटटोरंट आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्समिशन हे टोरंट क्लायंट, म्हणजे संगणकांमध्ये आपसात फाइलींची देवाणघेवाण करणारे प्रोग्राम, चालवून पाहिले, रात्रीचा अपलोडचा आकडा मोठा आला म्हणून पहिला क्लायंट सरस असे ठरवले आणि ओळखीच्या चार जणांना तसे ठामपणे सांगूनही टाकले. तो निष्कर्ष चुकीचा होता. मी मोजला होता तो प्रामुख्याने त्या वेळचा स्वार्म, म्हणजे ती फाइल त्या क्षणी घेणाऱ्या आणि देणाऱ्या संगणकांचा समूह. क्लायंटचा गुण त्या आकड्यात जेमतेमच उतरला होता.

अपलोडचा वेग घेणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. उबुंटू या मोफत संगणक प्रणालीची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. त्या आठवड्यात तिच्या टोरंटला मागणी असते, मात्र दोन महिन्यांनी त्याच फाइलचे शेकडो सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून ती इतरांना देणारे, घेणाऱ्याची वाट पाहत बसलेले असतात. अशा जुन्या टोरंटवर रेशो, म्हणजे अपलोडला डाउनलोडने भागून येणारा आकडा, 0.3 वर अडकला तर क्लायंट बदलून काहीही साध्य होत नाही. भिशीत जेवढे जमते तेवढेच वाटले जाते, त्याप्रमाणे स्वार्ममध्ये एकाने उतरवून घेतलेला प्रत्येक बाइट दुसऱ्या कोणीतरी चढवलेला असतो, त्यामुळे कोणाचा रेशो 5 झाला असेल तर इतर अनेकांचा 1 च्या खाली राहणे अपरिहार्य आहे. सर्वांनी चांगला क्लायंट घेतला म्हणून सर्वांचा रेशो वाढेल, ही अपेक्षा गणितातच बसत नाही.

दुसरी चूक एककांची. सेवा पुरवणारे वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि क्लायंट बाइटमध्ये दाखवतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ट्रान्समिशन 1000 च्या पटीत मोजतो आणि क्यूबिटटोरंट 1024 च्या पटीत, याकडे फारसे कोणी पाहत नाही. 100 मेगाबिटची जोडणी पूर्ण वापरात असेल तर एकाच्या पडद्यावर सुमारे 12.5 आणि दुसऱ्याच्या पडद्यावर सुमारे 11.9 हा आकडा दिसेल, आणि पाहणारा पाच टक्क्यांचा फरक क्लायंटच्या नावावर जमा करेल.

रेशोच्या आकड्यातही अशीच गफलत होते. एका क्लायंटने उतरवलेली फाइल दुसऱ्यात जोडून तिची तपासणी करून घेतली, तर दुसऱ्या क्लायंटच्या हिशेबी डाउनलोड शून्य असते. मग कोणी अनंताचे चिन्ह दाखवतो, तर कोणी फाइलच्या आकाराने भागून आकडा देतो. शिवाय काही ठिकाणी चालू सत्राचा हिशेब आणि एकूण हिशेब वेगवेगळे दाखवले जातात. वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा संगणक बंद पडून सत्राचा आकडा पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे तुलनेसाठी नेहमी एकूण आकडाच घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो पोर्टमुळे, म्हणजे बाहेरच्या संगणकांना क्लायंटपर्यंत येण्यासाठी लागणाऱ्या क्रमांकित दारामुळे. अनेक घरगुती जोडण्यांवर स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही आणि अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल, तर राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरचा संगणक तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही स्वतः जोडणी केलेल्या पीअरनाच, म्हणजे स्वार्ममधील संगणकांनाच, तेवढे अपलोड होत राहते. एका क्लायंटला आयपीव्ही 6 या नव्या पत्तापद्धतीवरून बाहेरची जोडणी मिळत असेल आणि दुसऱ्यात ती सोय बंद असेल, तर दोघांच्या वेगात मोठी तफावत पडू शकते. ती मात्र क्लायंटच्या कार्यक्षमतेची नव्हे. दोन्ही क्लायंट एकाच वेळी एकाच पोर्टवर चालवण्याचा प्रयत्नही करू नये, कारण नंतर सुरू झालेल्याला सहसा तो पोर्ट मिळत नाही.

मूळ सेटिंग्ज तशाच ठेवून केलेली तुलनाही फसवी असते. क्यूबिटटोरंटमध्ये रांगेची सोय चालू असेल तर मूळ मर्यादेनुसार एका वेळी तीनच टोरंट सीड होतात, तर ट्रान्समिशनमध्ये सीडिंगची रांग मुळात बंद असते. दहा टोरंट घातल्यावर दोघांचे एकूण अपलोड वेगळे दिसणे स्वाभाविक आहे. यूटीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. ही पद्धत जोडणीवर ताण वाढला की स्वतःहून मागे सरते, म्हणून घरात कोणाचा व्हिडिओ कॉल चालू असताना यूटीपीवर भर देणारा क्लायंट नेहमीच्या टीसीपी पद्धतीवर भर देणाऱ्यापेक्षा मंद भासतो. वास्तविक तो घरच्यांच्या सोयीचे वागत असतो. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर दोन्हीकडे सारखीच ठेवावी, नाहीतर डेटा पोहोचल्याच्या पावतीचे संदेश अडकून डाउनलोडही रखडते.

क्यूबिटटोरंट आणि डेल्यूज यांची तुलना करणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: दोघांच्या पोटात लिबटोरंट हेच इंजिन आहे. आरटोरंटमधील लिबटोरंट मात्र फक्त नावापुरते तेच, प्रत्यक्षात निराळे. इंजिनाची आवृत्ती आणि सेटिंग्ज सारखी असतील तर पहिल्या दोघांत वेगाचा फरक शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

क्लायंटच पारखायचा असेल तर इंटरनेट बाजूला ठेवावे. मी स्वतःच्याच काही जीबीच्या फाइलींचा टोरंट तयार केला, घरातील दोन संगणक केबलने एकाच राउटरला जोडले, दोन्हीकडे स्थानिक पीअर शोधण्याची सोय चालू केली आणि वेगाच्या सर्व मर्यादा काढल्या. प्रत्येक क्लायंट आलटून पालटून तीन वेळा चालवला. रात्री आणि दुपारी एवढा वेगळा वाटलेला वेग येथे दोन्ही क्लायंटमध्ये जवळजवळ सारखाच निघाला, आणि तो प्रत्येक वेळी माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्या वेगापाशी येऊन थांबला.