हामाचा घाट मोटरहोमने ओलांडताना या चुका टाळा

अर्जेंटिनातल्या साल्ताहून हामाच्या घाटाने अँडीज ओलांडून चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाला जाणारा रस्ता नकाशावर अगदी साधा दिसतो. पूर्ण डांबरी आहे, मालाचे ट्रक रोज जातात. पायथ्याच्या पुर्मामार्का गावापासून सान पेद्रोपर्यंत अंतर सुमारे 400 किलोमीटर. सकाळी निघू, संध्याकाळी पोहोचू, असा हिशेब करून लोक निघतात आणि बहुतेक अडचणी त्या हिशेबातूनच उभ्या राहतात.

या रस्त्याचा खरा हिशेब उंचीचा आहे. पुर्मामार्का सुमारे 2,300 मीटरवर, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा कितीतरी वर. तिथून लिपानच्या नागमोडी चढाने 4,170 मीटर. मग खाली सालिनास ग्रांदेसच्या मिठाच्या पठारावर 3,400, सुस्केस गावात 3,600, हामाच्या सीमेवर 4,200, चिलीत शिरल्यावर 4,800 च्या आसपास आणि शेवटी एका सलग उताराने थेट 2,400.

साल्ताहून निघून हामाला मुक्काम

मोटरहोमवाल्यांची ही खास चूक. घर बरोबर आहे, दमलो की थांबू, असे वाटते. पण साल्ता जेमतेम 1,150 मीटरवर आहे. तिथून एका दिवसात 4,200 मीटरवर जाऊन झोपणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. दिवसा घाटमाथा ओलांडल्याने होणारा त्रास वेगळा आणि तिथे रात्र काढल्याने होणारा वेगळा. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम गाडीलाही तितकाच लागू आहे. उलट गाडीत तो जास्त पाळावा लागतो, कारण पाय दुखत नाहीत आणि किती वर आलो ते कळतच नाही.

पुर्मामार्का किंवा तिल्कारात दोन रात्री, मग उमाउआकात (सुमारे 2,950 मीटर) एक-दोन रात्री काढा. दिवसा वर फिरून या, झोपायला खाली या. नंतर एका दिवशी पहाटे निघून हामा ओलांडा आणि थेट सान पेद्रोत उतरा. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे एवढेच असेल, तर आणखी वर न जाता विश्रांती घ्या. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली आणा. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तर नक्कीच.

फोन दाखवेल तो रस्ता धरणे

साल्ताहून हुहुय शहराकडे जाताना फोन अनेकदा ला कॉर्निसाचा जुना रस्ता सुचवतो, कारण तो अंतराने कमी आहे. जंगल सुरेख आहे, पण रस्ता काही ठिकाणी जेमतेम चार मीटर रुंद आणि वळणांमागे वळणे. दोन मीटरहून रुंद गाडी घेऊन तिथे समोरून कोणी आले, तर रिव्हर्स कोणी घ्यायचा यावरच अर्धा तास जातो. हेनेराल ग्वेमेसवरून जाणारा लांबचा हमरस्ता धरा.

जानेवारी-फेब्रुवारीत या भागात पावसाळा असतो. तेव्हा कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्रात मुक्काम करू नका. जानेवारी 2017 मध्ये पुर्मामार्का-उमाउआकाच्या खोऱ्याच्या तोंडावरचे व्होल्कान गाव डोंगरातून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याखाली सापडले होते.

चढावर गाडी दम टाकते म्हणून घाबरणे

विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. टर्बो डिझेल बरे, पण तेही मलूल होते आणि धूर सोडते. हा बिघाड नव्हे. खालचा गिअर, एसी बंद आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की गाडीतला हीटर चालू, एवढे पुरते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडण्याचा मोह मात्र आवरा.

डिझेल चांगल्या प्रतीचे घ्या. हामाला पंप आहे, पण त्यापुढे सान पेद्रोपर्यंत सुमारे 160 किलोमीटर काहीच नाही. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, रात्रीच्या थंडीत सखल भागात भरलेले डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. वर जाण्याआधी टाकीत अँटिजेल घाला.

चढ संपला म्हणजे अवघड भाग संपला असे समजणे

मला विचाराल तर या प्रवासात सर्वांत धोकादायक भाग शेवटचे चाळीसेक किलोमीटर. बोलिव्हियाकडे जाणारा फाटा मागे पडला, लिकांकाबुर ज्वालामुखीचा सुळका दिसू लागला की रस्ता जवळजवळ दोन हजार मीटर खाली कोसळतो. वळणे फारशी नाहीत आणि घात तिथेच होतो. सरळ उतारावर साडेतीन टनांची गाडी कधी शंभरावर जाते ते समजत नाही, चालक ब्रेकवर पाय ठेवून बसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत ब्रेक तापतात. रस्त्याकडेच्या छोट्या देवळ्या अपघातात गेलेल्यांच्या आठवणीसाठी आहेत, हे लक्षात ठेवून उतरा.

उतार सुरू होण्यापूर्वीच थांबून खालचा गिअर टाका. गाडी पळू लागल्यावर टाकायचा नाही. ऑटोमॅटिकलाही हाताने गिअर अडकवून ठेवता येतो, निघण्यापूर्वी ते शिकून घ्या. ब्रेक सतत दाबून धरू नका. जरा जोरात दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा, वेग वाढला की पुन्हा दाबा. मागे ट्रकवाला हॉर्न देत असेल तर जागा सापडताच त्याला पुढे जाऊ द्या.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागून खोल जाऊ लागले, तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा आणि अर्धा तास काही करू नका. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकू शकते. ब्रेक लागेनासेच झाले, तर ट्रकसाठी ठेवलेल्या खडीच्या आपत्कालीन मार्गिकेत गाडी घालायला लाजू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की लवकर उकळते. भाड्याची गाडी ताब्यात घेताना ते कधी बदलले, हे विचाराच. लोक सोफ्यावरचे डाग तपासतात, हे विचारत नाहीत.

दुपारनंतर पठारावर जोराचा वारा सुटतो आणि उंच गाडी आडवी ढकलली जाते. तोही पहाटे निघण्यासाठी पुरेसा मुद्दा आहे. शिवाय हिवाळ्यात बर्फ-वाऱ्यामुळे सीमा कधी कधी बंद असते. निघण्याच्या सकाळी रस्ता उघडा आहे ना, हे विचारून घ्या.

रात्री शेगडी पेटवून झोपणे

डिझेल हीटर उंचीवर नीट जळत नाही, काजळी धरून बंद पडतो. त्यात उंचीसाठीची सोय आहे का, हे आधीच पाहा. गॅसवरचा फ्रिजही वर रुसतो. ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप होईनासा होतो, म्हणून प्रोपेन घ्या. आणि हीटर बंद पडला तर गॅसची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आधीच कमी प्राणवायूच्या हवेत तो लवकर मारतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, जाड पांघरुणे घ्या. हिवाळ्यात मुक्कामाला थांबताच पाण्याच्या नळ्या रिकाम्या करा, नाहीतर गोठून फुटतात.

टॉयलेटची कॅसेट वर चढल्यावर उघडताना झाकण हळूच सैल करा आणि तोंड बाजूला ठेवा. कारण सांगत बसत नाही.

डब्यातल्या मेथीची लपवाछपवी

4,000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळते, डाळ पातेल्यात शिजतच नाही. कुकर न्या आणि शिट्ट्या थोड्या वाढवा. मात्र चिलीच्या कृषी खात्याची, म्हणजे सागची, तपासणी कडक असते. फळे, भाज्या, मध, बिया, मांस चालत नाही. मेथीदाणे, मोहरी, कच्चे शेंगदाणे हे सगळे त्यात येऊ शकते. फॉर्मवर 'आहे' असे लिहा, ठरवू द्या त्यांनाच. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो. भाज्या हामापूर्वीच संपवा. हुहुयमध्ये सर्रास मिळणारी कोकाची पानेही पुढे नेऊ नका. भारतात तर कोका-चहाच्या पिशव्यासुद्धा अमली पदार्थांच्या कायद्यात बसतात.

कागद सीमेवर मागणे

भाड्याची गाडी देशाबाहेर नेण्यासाठी मालकाची लेखी, नोटरी केलेली परवानगी आणि चिलीसाठीचा विमा लागतो. हे तयार व्हायला काही दिवस जातात, म्हणून बुकिंग करतानाच सांगा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. अर्जेंटिना भारताच्या पीतज्वर-यादीत आहे आणि प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवतात.